बाटलीतला पास्ता सॉस: घरी परतून सुधारावा की आणूच नये?

पूर्णाकाठची

माझं मत आधीच सांगते. दुकानातल्या बाटलीतला पास्ता सॉस म्हणजे तयार पदार्थ नव्हे, तो अर्धवट मसाला आहे. घरी नीट परतला तर चांगला लागतो. नुसता गरम करून ओतला तर पैसे वाया गेले समजा.

आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा अमरावतीला होस्टेलवर असतो. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि त्याने पास्ता मागितला. तालुक्याहून बाटली आणली, पास्ता उकडला, सॉस गरम करून वर ओतला. मुलाने खाल्ला, धाकटीने अर्धा ताटात सोडला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मसाला कच्चा आहे. तेल सुटलंच नाही." पास्ता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चाखला होता, तरी दोष त्यांनाच सापडला.

पुढच्या वेळी मी वांग्याच्या रश्शासारखं केलं. पसरट कढईत तीन चमचे फल्लीचं तेल. मंद आचेवर आठ पाकळ्या लसूण, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. मग एक कांदा अगदी बारीक चिरून आणि अर्धं गाजर किसून, दहा मिनिटं. त्यावर बाटली रिकामी केली आणि पंधरा मिनिटं सराट्याने तळ खरवडत परतत राहिले. कडेने तेल दिसलं, भडक लाल रंग विटकरी झाला. शेवटी गॅस बंद करून घरच्या लोण्याचा गोळा. गाजराने आंबटपणा बसला, साखर घालावी लागली नाही. त्या दिवशी सगळ्यांची ताटं रिकामी झाली.

तुम्ही काय करता? आणि कोणाला हे चूक वाटत असेल तर तेही सांगा.

वावरवाला

ताई, तुमच्या सासूबाईची जीभ खरी आहे. पण मले तुमच्या विषयाचाच राग आला. बाटली आणायचीच कायले?

मी वर्धेकडचा, दीड एकरात टमाटर लावतो. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यायचा माल एकदम निंघते अन् भाव पडते. कॅरेट बाजारात नेण्याचं भाडंही निंघत नाई. तोडणीची मजुरी द्यावी का माल झाडावर सडू द्यावा, हे ठरवा लागते. गेल्या हंगामात शेवटचे दोन तोडे मी तोडलेच नाई, ढोरं सोडली वावरात. त्याच महिन्यात गावातल्या दुकानात बाटलीतलं टमाटर विकत होतं. ते पाहून पोटात कालवते.

बाटलीवरची यादी वाचून पाहा. नियमाप्रमाणं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहा लागते, म्हणजे जे जास्त ते पहिले. कितीक बाटल्यांवर तुमाले पाणी अन् टमाटर पेस्ट दिसन, मंग साखर, तेल, मीठ, घट्टपणासाठी स्टार्च, वाळलेला कांदा-लसूण, सायट्रिक आम्ल. घट्ट पेस्ट पाण्यात सैल केली अन् साखरेनं सावरली. त्याले तुमी लसूण देता, कांदा देता, गाजर देता, लोणी देता. एवढी मेहनत ताज्या टमाटरावर करा ना!

पूर्णाकाठची

दादा, ढोरं सोडल्याचं वाचून वाईट वाटलं. जानेवारीपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तेव्हा बाटली आणणं चूकच, मीही आणणार नाही.

पण पावसाळ्याचं काय? 2023 च्या जुलैत कितीतरी शहरांत टमाटर दोनशे रुपये किलोच्या वर गेलं होतं. आमच्या आठवडी बाजारात तेव्हा लोक पावकिलो घेत होते, तेही मोजून. आणि आता जे टमाटर मिळतं ते लांबच्या प्रवासाला टिकावं म्हणून जाड सालीचं. त्याला गरही कमी आणि आंबटपणाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मी अंगणवाडीत काम करते, दुपारी घरी येते. बाटली सुधारायला मला अर्धा तास पुरतो. दोन किलो टमाटर उकळून, सालं काढून, गाळून, आटवून सॉस करायला दीड तास ओट्याशी उभं राहावं लागतं. घरात तो दीड तास कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगायला नको. त्यामुळे "मेहनत तेवढीच" हे मला मान्य नाही.

पुन्हा_गावात

मी नऊ वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये पास्त्याच्या शेगडीवर होतो, आता गावी परत आलो आहे. माझा विरोध बाटलीला नाही, पंधरा मिनिटं परतण्याला आहे.

ताई, सासूबाईंना जे कच्चं लागलं ते टमाटर नव्हे. पेस्ट कारखान्यात आधीच शिजून आटलेली असते. कच्चा लागतो तो वाळलेला लसूण, आणि उणीव असते तेलाची. आपल्या तोंडाला तेलात उतरलेला लसूण लागतो, बाटलीत तो नसतो. तो तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच दिलात, तिथेच निम्मं काम झालं. पुढे तेल सुटेपर्यंत परतलं की टमाटरचा ताजेपणा जातो आणि हाती उरते ती भाजी. चांगली भाजी असेल, पण पास्त्याला ती चिकटत नाही, तेल एकीकडे आणि गर एकीकडे होतो.

माझ्या हातची पद्धत अशी. तेल-लसूण, त्यात सॉस, फक्त पाच-सहा मिनिटं. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढायचा आणि सॉसमध्येच शिजवून संपवायचा. सोबत उकडलेलं पाणी पळीभर. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, तो तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवतो. सॉस चकचकीत होऊन प्रत्येक तुकड्याला लागतो. वरणफळांत फळाचं पीठ वरणाला दाट करतं, तेच काम इथे होतं. म्हणून पास्ता उकडून नळाखाली धुऊ नका. गावात सगळे धुतात, आणि मग सॉस घसरतो.

पूर्णाकाठची

न धुण्याचं पटलं. मी धूत होते, हे कबूल करते.

पण एक अडचण तुमच्या पुण्यात आली नसेल. आम्ही खारपाणपट्ट्यात आहोत. बोअरचं पाणी असं की त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि चहाही मचूळ लागतो. पास्ता त्यात उकडला आणि तेच पाणी सॉसमध्ये घातलं, तर सगळं खारट-कडवट होतं. एकदा झालं तसं, अख्खा गंज (पातेलं) फुकट गेला. आता पास्त्याला प्यायचं पाणी घेते, पण ते विकतचं आहे.

पुन्हा_गावात

हे खरंच माझ्या डोक्यात नव्हतं. मग पाणी कमी घ्या. 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर असं सांगतात, पण सतत हलवत राहिलं तर पसरट भांड्यात अर्ध्या लिटरवरही होतो. उलट त्या थोड्या पाण्यात स्टार्च जास्त उतरतो, सॉसला ते बरंच. लिटरला दहा ग्रॅम मिठाचा अंदाज असतो, तुम्ही निम्म्यावर या, कारण बाटलीतल्या सॉसमध्ये मीठ आधीच असतं.

चुलीपाशी

मी ओवा घालते. चिमूटभर, तेलात तडतडवून. आणि भिवापूरची मिरची वाटून अर्धा चमचा. आमच्या घरी याशिवाय बाटली उघडतच नाही.

पुन्हा_गावात

काकू, राग मानू नका, पण ओवा आणि तिखट घातल्यावर त्याला पास्ता सॉस का म्हणायचं? टमाटरची तर्री म्हणा, मी आवडीने खाईन. बाटली सुधारणं म्हणजे त्या पदार्थाचीच उणीव भरून काढणं. तो बदलून आपल्या ओळखीच्या चवीत ओढणं ही सुधारणा नव्हे. पोरांना कधीतरी वेगळी चव कळू द्या.

चुलीपाशी

राग नाही रे बाबा, पण पटलंही नाही. मिरची आणि टमाटर दोन्ही अमेरिकेतून निघाले, इटलीलाही समुद्रावरून आले आणि आपल्यालाही. नेपल्समध्ये 1692 च्या सुमारास छापलेल्या एका पुस्तकात टमाटरच्या सॉसची कृती आहे, तिथल्या छापील कृतींत ती सगळ्यांत जुन्यांपैकी. त्यात टमाटर भाजून, कांदा, मिरची, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालायला सांगितलं आहे. म्हणजे तिखट पहिल्यापासून होतं. आणि आजही अराबियाता म्हणून त्यांचा तिखट सॉस आहेच की. भिवापूरच्या मिरचीने असं काय बिघडलं?

प्रयोगवही

अन्नतंत्र शिकले आहे, गाव खामगावजवळ. मी काकूंच्या बाजूने. ओव्याचा वास मुख्यतः थायमॉलचा आणि इटालियन सॉसमध्ये घालतात त्या ओरेगॅनोचा कार्व्हाक्रॉलचा. ही दोन्ही द्रव्यं रचनेने इतकी जवळची आहेत की ओवा हा आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा पर्याय ठरतो. फक्त तो फार तेज असतो, अख्ख्या बाटलीला पाव चमच्याहूनही कमी पुरे.

तिथे बेसिल नावाची तुळशीचीच एक जात घालतात, आपली तुळस मात्र घालू नका. तिचा वास लवंगेकडे जातो, सॉस औषधासारखा लागतो. त्याऐवजी दुकानातून सब्जा आणा आणि कुंडीत पेरा. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. पानं मोठी झाली की चार पानं गॅस बंद केल्यावर हाताने तोडून घाला.

आंबटपणाबद्दल: साखरेने आंबटपणा कमी होत नाही, तो जिभेला झाकला जातो. खाण्याच्या सोड्याने आम्ल खरंच कमी होतं, पण बाटलीला एक लहान चिमूट, त्यापुढे चव साबणासारखी होते. लोखंडी कढई नको. आम्लाने लोखंड सुटतं, चव आणि रंग दोन्ही बिघडतात. स्टीलचा जाड बुडाचा गंज घ्या.

आता महत्त्वाचं, कारण हे खेड्यात घडतं. सुधारलेला सॉस परत त्याच बाटलीत भरून फडताळात ठेवू नका. कारखान्यातला सॉस टिकतो तो आम्ल आणि उष्णतेच्या बळावर. तुम्ही कांदा, गाजर, सोडा घातला की आम्ल उतरतं. सामू (pH, आम्ल उतरलं की हा आकडा चढतो) 4.6 च्या वर गेला आणि आत हवा नसली, तर बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष जिवावर बेततं आणि दर वेळी वासावरून ओळखू येत नाही. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्यातही हाच धोका. आपल्याकडे लाइट सहा-सहा तास जाते, फ्रिजवर भरवसा नको. लहान बाटली आणा, जेवढा सुधारला तेवढा त्याच दिवशी संपवा.

वावरवाला

सगळं वाचलं. पण तुमी सगळे बाटली धरूनच बोलून राह्यले. टमाटर वावरात सडते, हा माझा मुद्दा तसाच राह्यला.

आपल्या बाया उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे, शेवया, मुगवड्या सगळं वाळवतात. शेवयांसाठी बन्सी गहू लागते, अन् ज्याचा तुमचा चांगला पास्ता बनते तेही त्याच कठीण जातीचं गहू. मंग टमाटर कायले नाई वाळवत? फेब्रुवारी सरता सरता आपल्या इकडं ऊन चटकते. टमाटर अर्धं कापा, बी काढा, मीठ लावा, जाळीखाली पत्र्यावर टाका. कागदासारखं नाई, चामड्यासारखं झालं का उचला. मायनं दोन साल केलं होतं. बरणीत पावसाळ्यापर्यंत गेलं, फक्त ओल लागू देली नाई.

प्रयोगवही

दादा, हे तर बाटलीलाही लागू पडतं. टमाटरमध्ये ग्लुटामेट असतं, ज्याने तोंडात भरीव चव येते. वाळल्यावर पाणी जातं आणि ती चव दाट होते. पाच-सहा तुकडे कोमट पाण्यात भिजवून, चिरून, लसणाबरोबर तेलात परतले की जुलैतल्या बाटलीत जे कमी पडतं ते भरून निघेल. पूर्ण वाळलं नाही तर बुरशी धरते, म्हणून रात्री घरात घ्या, दव लागू देऊ नका.

पूर्णाकाठची

काल एक बाटली दोन कढयांत वाटून पाहिली. पाणी प्यायचंच घेतलं, अर्धा लिटर. एकीत सहा मिनिटं आणि पास्त्याचं पाणी, दुसरीत माझी पंधरा मिनिटं. ओवा दोन्हींत चिमूटभर.

मुलगा शनिवारी आला होता, त्याने सहा मिनिटांवाला दोनदा घेतला. सॉस खरंच प्रत्येक तुकड्याला धरून होता, हे मान्य. सासूबाईंनी पंधरा मिनिटांवाल्यात पोळी बुडवून खाल्ली आणि दुसरा बाजूला सारला. मला अजूनही पंधरावालाच आवडतो, नुसत्या पास्त्यासाठी मात्र आठ मिनिटांवर येईन.

दादा, पत्रा आणि जाळी माझ्याकडे आहे. अंगणवाडीतल्या दोघी-तिघी बाया वाळवायला तयार आहेत. पहिल्या वेळी किती टमाटर घ्यावं?

वावरवाला

एका कॅरेटात वीस-बावीस किलो बसते, वाळल्यावर दीड किलोच्या आसपास धरा. पहिल्यांदा एकच घ्या. पिकलं पण टणक पायजे, लिबलिबं नको. फेब्रुवारीच्या तिसऱ्या हप्त्यात फोन करजा, शेवटच्या तोड्यातलं एक कॅरेट बाजूले ठेवतो. अन् ते सब्जाचं रोप झालं का मलेही द्या, मायले दाखवतो.