श्रद्धा वयाबरोबर आपोआप वाढते का?
आठवडाभरात गवसलेल्या लहानसहान गोष्टी वहीत टिपून ठेवल्याने उतारवयाला हेतू लाभतो, हे उतारवय आणि श्रद्धा यांविषयीच्या एका प्रतिसादात वाचलेले म्हणणे मला मनापासून पटते. मात्र वय वाढले की श्रद्धा आपोआप दृढ होते, हे त्याच प्रतिसादातील विधान मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि विश्वास की अविश्वास हा पहिल्या, म्हणजे तान्हेपणाच्या, टप्प्यातला प्रश्न मानला. त्यांच्या पत्नी व सहकारी जोन एरिक्सन यांनी स्वतः नव्वदीत असताना त्यांत नववा टप्पा जोडला, आणि शरीराचा भरवसा उरत नाही तेव्हा तोच पहिला प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो, असे नोंदवले.

माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला नेमके हेच अनुभवास आले. कित्येक आठवडे प्रार्थनेत मन लागत नव्हते, आणि ते कोणापाशी बोलून दाखवण्याचीही लाज वाटत होती. त्या काळात अशा नोंदींची माझी वही मात्र सुटली नाही. एका आठवड्यात तिच्यात एकच ओळ आहे: शेजारची लहान मुलगी अडलेले गणित घेऊन आली आणि उत्तर सुटेपर्यंत मी दुखणे विसरलो. प्रार्थना त्यानंतरच हळूहळू परतली.