मदत हवी आहे : पलाऊच्या भिंतीवर डाइव्ह करण्याआधी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी आणि नवरा स्कूबा डायव्हिंगसाठी पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशात चाललोय. माझं ओपन वॉटर (स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स) तारकर्लीला झालंय, म्हणजे खोलीची मर्यादा १८ मीटर. तिथे खाली कायम वाळू दिसायची. पलाऊमधल्या न्गेमेलिस बेटाजवळची प्रवाळाची भिंत मात्र गुडघाभर पाण्यातून सुरू होऊन थेट शेकडो फूट खाली उतरते, पायाखाली नुसता गडद निळा! गेल्या वेळी मास्कमधलं पाणी काढताना मी नकळत ३ मीटर खाली गेले होते, तेच मनात घोळतंय. तरंगण्यावर ताबा यावा म्हणून तुम्ही कसा सराव केलात?

आणि पलाऊच्याच ब्लू कॉर्नर या डाइव्हच्या जागी प्रवाहात रीफ हुक (दोरी बांधलेला आकडा) खडकात अडकवून थांबतात, तो बीसीडीला (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटला) नेमका कुठे लावायचा? जॅकेटमध्ये हवा हुक अडकवण्याआधी भरायची की नंतर? पलाऊला पोचताच पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या शपथेखाली सही करायची असते. जिवंत प्रवाळाला माझा धक्काही लागू नये. जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.