जंतूंची हजेरी आणि निदान

योनीच्या तक्रारींच्या निदानात सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूंच्या डीएनएचं वाचन, आलं की सूक्ष्मदर्शक अडगळीत, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

फायदा आहेच. योनीतले कित्येक जीवाणू प्रयोगशाळेत सहजी वाढत नाहीत, म्हणून कल्चरमध्ये ते दिसायचेच नाहीत. १६एस आरआरएनए हे जनुक सगळ्या जीवाणूंत असतं, पण त्यातले काही तुकडे प्रजातीगणिक बदलतात. तेवढे वाचले की स्वॅबवर कोण कोण होतं याची हजेरी लागते.

पण २०११चा उत्तर अमेरिकेतल्या ३९६ स्त्रियांचा अभ्यास आठवा. पाच गट निघाले. चारांत लॅक्टोबॅसिलस या सहसा हितकर जीवाणूच्या एकेका प्रजातीचं राज्य, एकात सगळी सरमिसळ. या सरमिसळवाल्या गटात चौथा हिस्सा स्त्रिया होत्या, आणि तक्रार कुणालाच नव्हती! मग नुसत्या यादीवरून औषध कुणाला द्यायचं?

याउलट निदानासाठीचे १९८३चे ॲम्सेलचे निकष बघा. पातळ, एकसारखा स्राव; पीएच ४.५च्या वर, स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच मासळीसारखा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली 'क्लू' पेशी, म्हणजे जीवाणू इतके चिकटलेले की पेशीची कडाच धूसर दिसते. चारांतले तीन जुळले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जीवाणूंचा समतोल बिघडल्याचं निदान. काही मिनिटांचं काम.

आणि एक राहिलंच. खाज कँडिडामुळे असेल तर १६एसच्या रिपोर्टात त्याचा पत्ताही नसतो. ती बुरशी, जीवाणू नव्हे. ट्रायकोमोनासही जीवाणू नव्हे, एकपेशीय परजीवी; म्हणून तोही तिथे दिसत नाही. अशा वेळी नेमक्या जंतूंसाठीची पीसीआर चाचणीच बरी.