मदत हवी आहे: डोंबिवली पूर्व ते पश्चिम घर हलवायचंय, शेजारी म्हणतायत पॅकर्स कशाला, आम्ही आहोत ना

नमस्कार मंडळी, लांबण लागणारे, आधीच सांगते.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. तळ अधिक तीन मजले, लिफ्ट नाही आणि आम्ही अर्थातच तिसऱ्यावर. पाच जूनच्या आत चाव्या द्यायच्यात, म्हणजे पावसाच्या आत निघालेलं बरं. पश्चिमेला भाड्याने फ्लॅट मिळालाय, तिथे लिफ्ट आहे पण एवढीशी, चार माणसं शिरली की पाचव्याने पोट आत घ्यायचं. घरात मी, नवरा, सासूबाई (वय 74) आणि सहावीतून सातवीत गेलेला मुलगा.

पॅकर्सवाल्यांना विचारलं तर एक 19 म्हणाला, दुसरा 22 हजार आणि वर "कपाटाचे वेगळे होतील मॅडम". बिल्डरने शिफ्टिंगचे 15 दिलेत. हे नवऱ्याने गच्चीवर सहज बोलून दाखवलं आणि तिथेच घोळ झाला, कारण खालचे काका, समोरच्या वहिनींची दोन्ही मुलं, नवऱ्याचे क्रिकेटचे चार मित्र, सगळे म्हणे रविवारी येतो, टेंपो सांगा फक्त, पैसे कसले घालवताय. आता यातली निम्मी मंडळी स्वतःच घर सोडतायत, त्यांचंही सामान हलायचंय, म्हणजे आज आमचं तर पुढच्या रविवारी त्यांचं, हे उघड आहे. पण नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी मणक्याचा त्रास झाला, डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका सांगितलंय. म्हणजे लोक आमचं सगळं वाहून नेणार आणि त्यांच्या वेळेला आम्ही हात खिशात घालून उभे. मला हे फार जड जातंय. पैसे दिले तर अपमान, नाही दिले तर मला रात्री झोप नाही.

दुसरं म्हणजे गोदरेजचं कपाट. जुनं, साडेसहा फुटी, आरसावालं, सासूबाईंच्या लग्नानंतरचं पहिलं मोठं फर्निचर. परवा दोघांनी येऊन मोजमाप केलं आणि म्हणाले दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हे फिरणार नाही, बाल्कनीतून दोरीने सोडावं लागेल, आणि ग्रिल कापावं लागेल. ऐकूनच सासूबाईंनी जेवण सोडलं.

आणि माळा! त्यावर काय नाहीये ते विचारा. बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, मुलाचा पाळणा, गौरींचे मुखवटे (ते तर येणारच), मोडका स्टोव्ह, 1998 पासूनची वीजबिलं आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे मोजून 31. यातलं काहीही टाकायचं नाही असा हुकूम आहे. नवीन घराला माळाच नाही.

तर कोणी असं मित्रमंडळींच्या जिवावर घर हलवलंय का? कसं करायचं? प्लीज सांगा.

कोथिंबीरवडी
हलवलंय, दोनदा. एकच सांगते, मित्रांना खोकी द्या, जड वस्तू देऊ नका. फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन यांना दोन हमाल सांगा सरळ, ज्यांचं ते कामच आहे त्यांना पट्टा कुठे लावायचा ते कळतं. आमच्याकडे दिराच्या मित्राने हौसेने फ्रिज उचलला आणि तीन आठवडे आडवा होता बिचारा, त्याच्या बायकोने अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही.
फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा, पाणी सगळं निथळू दे. नेताना उभाच न्यायचा. आडवा केलात तर कॉम्प्रेसरचं ऑइल पाइपात जातं, मग पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करायचा. मशीन फ्रंट लोड असेल तर विकत घेताना मागून जे लांब बोल्ट काढले होते ते शोधा, ड्रम त्याने बांधायचा असतो. सापडणार नाहीत, पण शोधा.

अर्धवट_सुतार
कपाटाबद्दल. ग्रिल कापायची घाई करू नका. माझा साधा प्रश्न, ते वर आलं कसं होतं? कपाट तेवढंच आहे, जिना तेवढाच आहे, मग मधे बदललं काय? सासूबाईंना विचारा आणि मग जिन्यात जाऊन नीट बघा.
बाकी कपाट पूर्ण रिकामं करा, फळ्या काढा, लॉकर बंद, हँडलला फडकं बांधा, आरशावर जुनी गोधडी दोरीने आवळून. टेंपोत पाठीवर आडवं ठेवायचं. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब असतो त्यामुळे साडेसहा फुटी आरामात बसतं, पण मग त्या खेपेत बाकी फार काही मावत नाही. दोन खेपा धरून चाला आणि टेंपोवाल्याशी तसंच ठरवा, नाहीतर कोपर पुलाच्या चढावर त्याला आठवतं की भाव एका खेपेचा होता.

निवृत्त_हेडक्लार्क
ताई, सामानाआधी कागद. बिल्डरबरोबरचा तुमचा वैयक्तिक करार, पर्यायी जागेचा, रजिस्टर झालाय ना? क्षेत्रफळ, भाडं, मुदत सगळं त्यात लिहिलंय ना? तो हातात असल्याशिवाय चावी देऊ नका, शेजारी काहीही म्हणोत.
भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्सही रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणीचे 1000 रुपये, ऑनलाइन होतं. सुटलेल्या घराच्या आणि नव्या घराच्या, दोन्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. आधारवरचा पत्ता मात्र बदलत बसू नका, परत तिथेच यायचंय तुम्हाला.

पुणेकर_पण_सभ्य
31 डब्यांपैकी 30 मध्ये नटबोल्ट, खिळे, पडद्याचे हुक भरून टाका. सासूबाईही खूश आणि डबेही कामी. एकतिसावा आठवण म्हणून.

(हसू नका, पलंग उघडला की त्याचे नटबोल्ट पिशवीत घालून त्याच पलंगाला चिकटपट्टीने चिकटवायचे असतात. आम्ही चिकटवले नाहीत. सव्वा महिना गादी जमिनीवर.)

कोथिंबीरवडी
अजून एक राहिलं, पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी. औषधं, चार्जर, चहा, साखर, गाळणं, लायटर, तांब्या, चटई, एक बल्ब. ही पिशवी टेंपोत टाकायची नाही, रिक्षात तुमच्या मांडीवर. गाळणं विसरलात तर बारा माणसांचा चहा ओढणीतून गाळावा लागतो, अनुभव आहे.

आणि परतफेडीचं फार मनाला लावून घेऊ नका हो. नवऱ्याला ओझं उचलता येत नाही तर खुर्ची टाकून बसवा आणि प्रत्येक खोक्यावर नंबर, वहीत नोंद. हे काम कोणालाच आवडत नाही आणि सगळ्यांनाच हवं असतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. सुताराने विचारलेलं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 1989 साली चार हमालांनी जिन्यानेच आणलं, मी वर उभी राहून बघत होते, भिंतीला साधा ओरखडा नाही. मग मी आणि मुलगा टेप घेऊन जिन्यात. आणि दिसलं ना! दुसऱ्या मजल्यावरच्यांनी वळणावर लोखंडी ग्रिलचं दार बसवलंय आणि आत चपलांचं कपाट. रोज तिथून ये-जा करतो पण डोळ्याला सवय झालेली. नेमकी तीच नऊ इंच खाल्लीयेत. आता पंचाईत अशी की त्या काकांशी आमचं पाण्याच्या टाकीवरून 2021 पासून बोलणं नाही. कोण विचारणार?

अर्धवट_सुतार
सासूबाईंना पाठवा.

धागाकर्ती (अपडेट)
मंडळी, आलो एकदाचे पश्चिमेला. उशीर झाला लिहायला, वायफाय कालच लागलं.

सासूबाईच गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, दहा मिनिटांनी परत आल्या आणि म्हणाल्या, सकाळी सातला काढून ठेवतो म्हणाला. आणि खरंच, रविवारी सातला काका बनियनवर, हातात पाना घेऊन बिजागऱ्या सोडवत होते. आमच्याशी बोलले नाहीत. फक्त हमालांना म्हणाले, भिंतीला घासू नका, रंग नवीन आहे. अहो बिल्डिंग पडायचीये महिन्याभरात!

कपाट खाली उतरताना बघितलं मी. गोणपाट खाली, पट्टा खांद्यावर, वळणावर आल्यावर खालच्या हमालाने गुडघा टेकला आणि कपाट त्याच्या कोपऱ्यावर हळूच उभं केलं, एक श्वास, मग फिरवलं. बाजूला दोन बोटं जागा उरली असेल. सासूबाई वरच्या पायरीवर उभ्या, हातात देवांचं तबक, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला वाटलं स्तोत्र. जवळ गेले तर "डावीकडे, डावीकडे" चाललेलं.

हमाल दोनच केले, बाकी सगळी खोकी मंडळींनी जिन्यात साखळी लावून हातोहात खाली दिली, दीड तासात घर रिकामं. नुकसान म्हणाल तर तुळशीची कुंडी फुटली (तुळस शाबूत, सध्या बादलीत) आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं झाकण गायब आहे. नवरा वही घेऊन बसला होता, 64 खोकी, आणि त्याची वही बघून समोरच्या वहिनींनी त्याला त्यांच्या घरासाठी बुक करून टाकलंय. शिवाय दोघांचे भाडेकरार त्याने ऑनलाइन भरून दिले. त्यामुळे माझी झोप थोडी परत आली.

माळ्याचं म्हणाल तर बंब तळमजल्यावरच्या आजींच्या नातवाने मागून घेतला, शोभेला ठेवणारे म्हणे. पाटा-वरवंटा आला बरोबर. वीजबिलं रद्दीत गेली, सासूबाईंना अजून माहीत नाही, इथे कोणी ओळखीचं असेल तर कृपया गप्प बसा.

दुपारी इथे पोचलो तर जेवणाची काळजीच उरली नव्हती, चार घरांतून डबे आलेले. मसालेभात, मठ्ठा, कोणीतरी बटाट्याची भाजी आणि पोळ्या. माझ्याकडे गाळणं मांडीवर होतं, तेवढंच माझं योगदान.

आता शेवटचा प्रश्न आणि मग धागा बंद. डबे घासून ठेवलेत, रिकामे परत द्यायचे नाहीत, प्रत्येकात बेसनाचे लाडू घालणारे. तीन डब्यांवर नावं आहेत कोरलेली, ते कळले. चौथा पितळी कडीचा जुना डबा आहे, त्याच्या बुडाशी नुसतं "रा." कोरलंय आणि पुढचं घासून गेलंय. ग्रुपवर फोटो टाकला, सगळे म्हणतात आमचा नाही. बिल्डिंगमध्ये रा. म्हणजे तीनच घरं. दोघांना विचारून झालं. उरले दुसऱ्या मजल्यावरचे ग्रिलवाले काका, आणि त्यांच्याकडून आमच्याकडे डबा येईल असं मला तरी वाटत नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, त्यात लाडू जरा जास्त घाल.

पुणेकर_पण_सभ्य
ताई, उत्तर मिळालंय तुम्हाला. झाकण घट्ट लावा.