व्हील अलाइनमेंटचे सॉफ्टवेअर डोंगल ओळखत नाही: एच ००३३ त्रुटी

गॅरेज_मिरज:
नमस्कार. आमच्या व्हील अलाइनमेंट मशीनच्या संगणकावर विंडोज १० काढून विंडोज ११ घेतल्यापासून सॉफ्टवेअर उघडताच एच ००३३ ही त्रुटी येते आणि डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना असलेली यूएसबी किल्ली) कितीही वेळा काढून लावले तरी त्याचा दिवा पेटत नाही. हिशेबाच्या संगणकावर मात्र तो पेटतो. मशीन पुरवणारे नवे डोंगल विकत घ्या म्हणतात, तर एक तंत्रज्ञ डोंगलशिवाय चालणारी प्रत बसवून द्यायला तयार आहे. गाड्या दारात खोळंबल्या आहेत. काय करावे?

यूएसबी_सेवक:
नवे डोंगल घेण्याची घाई करू नये. दुसऱ्या संगणकावर दिवा पेटतो, त्या अर्थी डोंगल शाबूत असावे. एच ०००७ म्हणजे डोंगल सापडले नाही. एच ००३३ म्हणजे सॉफ्टवेअरचा सेंटिनेल या डोंगल-परवाना यंत्रणेच्या लायसन्स मॅनेजरशी संपर्कच झाला नाही, म्हणजे डोंगल शोधण्यापर्यंत गाडी पोचलेलीच नाही. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा जुने ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारी छोटी सॉफ्टवेअर) अडवते आणि आपला ड्रायव्हर मशीनच्या वयाचाच असणार. ती सुरक्षा बंद करून कदाचित काम भागेल, पण तो मार्ग मी सुचवणार नाही. आधी डोंगल काढून ठेवावे, जुने सेंटिनेल रनटाइम (ड्रायव्हर व लायसन्स मॅनेजर यांचा संच) अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा, सेंटिनेल बनवणाऱ्या थालेस कंपनीच्या संकेतस्थळावरील नवे रनटाइम ॲडमिन अधिकाराने बसवावे आणि त्यानंतरच डोंगल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावावे. मध्ये हब नको.

अलाइनमेंट_तंत्रज्ञ:
वरील सल्ला योग्य आहे. त्यानंतर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:१९४७ हे पान उघडून 'सेंटिनेल कीज'च्या यादीत आपले डोंगल दिसते का ते पाहावे. तिथे दिसूनही सॉफ्टवेअर अडत असेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा नसून डोंगलमधील परवान्याचा आहे आणि त्यासाठी पुरवठादाराकडूनच अपडेट फाइल घ्यावी लागते. कुणी विंडोज रिमोट डेस्कटॉपवरून दुरुस्ती करत असेल, तर एच ००२७ ही वेगळीच त्रुटी येऊ शकते. अशा वेळी चाचणी प्रत्यक्ष त्या संगणकासमोर बसूनच करावी.
डोंगलशिवायची प्रत कृपया घेऊ नये. तसे एम्युलेटर (डोंगलची नक्कल करणारी सॉफ्टवेअर) चालवण्यासाठी बहुधा विंडोजचे ड्रायव्हरची डिजिटल सही तपासणेच बंद करायला लावतात, आणि नव्या गाड्यांच्या कॅम्बर, कॅस्टर व टो या चाकांच्या कोनांच्या मापांचे अधिकृत अपडेट त्या प्रतीला मिळत नाहीत. जुन्या मापांवर टो बसवला, तर ग्राहकाचे टायर एका कडेने झिजतात आणि तक्रार आपल्याच दारात येते.

गॅरेज_मिरज:
आपणा दोघांचे मनापासून आभार. नवे रनटाइम बसवून डोंगल मागच्या पोर्टला लावताच दिवा पेटला, १९४७ च्या पानावर डोंगल दिसले आणि सॉफ्टवेअरही उघडले. मेमरी इंटिग्रिटी सुरूच ठेवली आहे. त्या तंत्रज्ञाला नकार कळवला असून, मापांच्या अपडेटची मुदत कधी संपते ते पुरवठादाराला लेखी विचारले आहे.