डक्टसाठी फुगणारा फोम: सोय की आळस?

धुळकट_फायबर: घरी विमान बांधणाऱ्यांनो, काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडापासून ऑइल कूलरपर्यंतच्या वेड्यावाकड्या जागेत डक्ट (हवा नेणारी नळी) बसवायचा तर कॅनमधल्या पॉलियुरेथेन फोमसारखी सोय नाही. जागेला प्लॅस्टिक लावा, फोम मारा, कडक झाला की बाहेर काढून करवतीच्या पात्यानं आणि सँडपेपरनं आकार द्या. वर पॅकिंग टेप, त्यावर फायबरग्लासच्या कापडाचे दोन थर इपॉक्सी रेझिनमध्ये. शेवटी आतला फोम कोरून काढा. पत्र्याचे तुकडे जुळवण्यात माझे दोन रविवार फुकट गेले होते.

जुना_रिव्हेट: असहमत. फोम रिकामी जागा भरतो, हवेला काय हवंय ते त्याला कुठलं कळायला? शंकूसारख्या डिफ्यूझरचा, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या डक्टचा, एकूण कोन ७ अंशांच्या आसपास बरा. डक्ट त्याहून फारच झपाट्यानं रुंदावला की हवा भिंत सोडते आणि कूलरच्या कोपऱ्यांत नुसती घुटमळते. शिवाय मी एकदा काउलिंग बंद करून आत फोम मारला होता. सकाळी बघतो तर काउलिंगला पोट सुटलेलं!

धुळकट_फायबर: बंद करून मारला, तिथेच चुकलं की हो. आणि घासायचं म्हटलंय ते कशासाठी? कोन तेव्हाच साधायचा.

इपॉक्सीवाली: दोघांनीही रसायन सोडलंत. कॅनमधला फोम हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. एकदम जाड थर दिला तर वरून टणक, आत चिकट लगदा. पातळ थर द्या, मध्ये पाण्याचा हलका फवारा. नाहीतर दोन द्रव मिसळून ओतायचा फोम घ्या. अ‍ॅसिटोननं विरघळवायला जाल तर फसाल; विरघळतो तो पॉलिस्टायरीन. विमानांचे डिझायनर बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या पंखांचा गाभा तापलेल्या तारेनं कापतात, तोही पॉलिस्टायरीनच. पॉलियुरेथेनला तार अजिबात लावू नका, धूर विषारी असतो.

जुना_रिव्हेट: आणि साधं इपॉक्सी इंजिनाच्या उष्णतेनं मऊ पडलं म्हणजे?

इपॉक्सीवाली: जास्त तापमानाचं घ्यायचं, आणि सांगितलंय तसं भट्टीत पक्कं करायचं. तो टप्पा बरेच जण गाळतात.

जुना_रिव्हेट: बरं. पण कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या डक्टमध्ये टेपची पट्टी चिकटून राहिली तर?

धुळकट_फायबर: टेप ओढून काढायचा, मग टॉर्च मारून बघायचं.

जुना_रिव्हेट: वळणापलीकडे टॉर्च पोचत नाही. ऑइल कूलरपुरतं मानलं तुमचं. कार्ब्युरेटरचा डक्ट मी दोन फाकांतच करणार, आतून हात फिरवून मगच जोडणार.