मदत हवी आहे : कांद्याच्या पेशीत पटल वेगळे कसे दाखवावे?

खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांना मी वनस्पती व प्राणी पेशींतील फरक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत आहे. गालाच्या आतील पेशींत मिथिलिन ब्लूने केंद्रक गडद निळे दिसले. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकताच विटांच्या बांधकामासारख्या भित्तिकाही उमटल्या, परंतु पेशीपटल भित्तिकेला चिकटलेले असल्याने वेगळे ओळखता येत नाही, आणि माझ्या मते मुलांचा गोंधळ नेमका तिथेच होतो. मिठाच्या पाण्याने पटल आकसून सुटते, म्हणून पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून लाल कांद्याचा पापुद्रा बुडवला. काहीच बदलले नाही. वस्तुभिंगे १० व ४० पटींचीच आहेत. १०० मिली पाण्यात मीठ किती ग्रॅम घ्यावे, किती मिनिटे थांबावे आणि पापुद्रा बाहेरच्या जांभळ्या बाजूचाच हवा का?